न ऐकता दिलेला शब्द

करक गावात कुणी गेलं की पहिली बातमी मशिदीत जाते, नाहीतर चर्चमध्ये, आणि दुसरी मिस्बाहच्या दुकानात. कधीकधी हा क्रम उलटाही होतो. दुखवट्याचा मांडव उभा राहायच्या आत मिस्बाहची लांब चोचीची किटली, ताजी भाजलेली कॉफी, मूठभर वेलदोडे आणि ओतायला एक माणूस दारात हजर असतो. तीन दिवस. पैसे विचारायचे नाहीत. कुणी विचारलेच तर मिस्बाह असा चेहरा करतो की विचारणाऱ्यालाच ओशाळं वाटावं. श्रीमंताकडेही तसंच, गरिबाकडेही तसंच. किल्ल्याखालच्या बाकांवर बसणारी म्हातारी मंडळी आपापसात म्हणतात, "मरायला हरकत नाही, कॉफी झकास मिळते. आपल्यालाच काय ती प्यायला मिळत नाही."

मिस्बाहला सगळे अबू दिमा, म्हणजे दिमाचा बाप, म्हणतात. दिमा ही त्याची एकुलती एक मुलगी. मुलगा नाही, भाऊ नाही, चुलते-पुतणे नाहीत. करकमध्ये माणसाला घराणं विचारतात ते ओळख पटावी म्हणून नव्हे, भांडण झालं तर ह्याच्या मागे किती जण उभे राहतील ते कळावं म्हणून. मिस्बाहच्या मागे कुणीच नव्हतं. त्याची आई नदीपलीकडून, खलील शहराच्या बाजूने आली ती एक बोचकं आणि एक तान्हं पोर घेऊन. लोकांचे कपडे धुऊन तिने त्याला वाढवलं. दहाव्या वर्षी तो बस स्टँडवर किटली घेऊन उभा राहायला लागला. ड्रायव्हर म्हणायचे, ह्या पोराच्या कॉफीवर अम्मानपर्यंत डोळा लागत नाही.

तो एकोणीस वर्षांचा असताना आई गेली. भाड्याची एक खोली. बसायला अकरा माणसं आली. त्याने ती मोजली होती आणि पुढे आयुष्यभर विसरला नाही. दुखवट्याच्या घरात कॉफी करायची असते ती घरच्यांनी नाही, भाऊबंदांनी. भाऊबंद कुठून आणणार? अकरा माणसं मांडीवर हात ठेवून नुसती बसून राहिली. स्टँडवर रोज सकाळी त्याची कॉफी पिणारा जिरयेस नावाचा नवा मास्तर त्या अकरांत होता. तो गुपचूप उठला, घरी गेला आणि आपल्या आईची किटली भरून घेऊन आला. मिस्बाह आईला माती देताना रडला नव्हता. ती किटली बघून रडला.

पुढचं गावाला पाठ आहे. आधी शेगडीवरची कढई, मग हाताने फिरवायचं भाजणीचं पिंप, मग किल्ल्याच्या उतारावर स्वतःचं दुकान, मग त्याच जागेवर तीन मजली इमारत. खाली भट्टी, मध्ये कोठार, वर घर. आठ माणसं कामाला. शाळेचं गळकं छप्पर त्याने नवं घालून दिलं, चार-पाच पोरींच्या कॉलेजची फी तो कुणाला न सांगता भरतो आणि ती कुणी भरली हे सगळ्यांना माहीत असतं. पण लोकांच्या तोंडी आहे ती दुखवट्याची कॉफीच. पहिल्या दिवशी सकाळी तो स्वतः जातो, उभं राहून ओततो. माझ्या गावात कुणी मांडीवर हात ठेवून बसणार नाही, एवढंच तो म्हणतो.

गावाला पाठ नाही ते एवढंच, की पहिली सात वर्षं ते पिंप मिस्बाहने नाही, त्याच्या बायकोने फिरवलं. रस्मिया कल्हईवाल्याची मुलगी. तो बाहेर विकत फिरे आणि ती बंद खोलीत, पोटात दिमा असताना, करपट निळ्या धुरात पिंपाचा दांडा फिरवत बसे. बी कधी तडतडते, कधी काढायची, हे तिच्या कानाला कळायचं. आजही भट्टीवरचा कामगार चुकला की वरून खिडकीतून तिचा आवाज येतो, "काढ रे, जळली." तिचं चुकत नाही.

मिस्बाहला एक खोड होती. सगळी गोष्ट त्या खोडीचीच आहे.

आमच्याकडे मोठं काही मागायचं असलं, मुलीला मागणी घालायची असो की अपघाताची क्षमा मागायची असो, एकट्याने जात नाहीत. दहा, वीस, चाळीस वजनदार माणसं मिळून जातात. त्याला जाहा म्हणतात. यजमान कडू कॉफी देतो. जाहाचा म्होरक्या फिंजान हातात घेतो, बिनकानाची ती इवलीशी पेली, आणि न पिता समोर ठेवून देतो. मागणं पुरं झाल्याशिवाय कॉफी पिणार नाही, असा त्याचा अर्थ. यजमान "प्या" म्हणाला की मागणं मान्य झालं. चाळीस साक्षीदारांपुढे दिलेला तो शब्द मग कुणी फिरवत नाही. आणि न मागताच किंवा नकार मिळून कुणी कॉफी प्यायला, तर त्याने मागणं सोडून दिलं असं समजतात. एकदा उन्हाळ्यात एका जाहाचा म्होरक्या घशाला कोरड पडली म्हणून विचार न करता घटकन पिऊन बसला. मुलीचा बाप हसत उठला आणि म्हणाला, "कॉफी घेतलीत, आनंद झाला. सुखाने घरी जा." ते लग्न आजतागायत झालेलं नाही.

मिस्बाहची खोड ही, की तो मागणं ऐकायच्या आधीच "प्या" म्हणायचा. "ज्यासाठी आलात ते दिलं. प्या." घराणेवाले लोक आधी ऐकतात, दाढी खाजवतात, चुलत्यांकडे बघतात. हा बिनघराण्याचा माणूस एका दमात देऊन टाकी आणि समोरच्यांचे चेहरे बघे. त्या चेहऱ्यांसाठीच देत होता म्हणा ना. असं त्याने दुकानाशेजारची मोकळी जागा दिली, गल्ला फोडणाऱ्या चोराला माफी दिली, एकदा तर ऐन मोसमात भट्टीचा कारागीरही दिला. रस्मिया पडद्याआडून ऐके आणि मंडळी गेल्यावर म्हणे, "अहो, काय मागतायत ते तरी ऐकत जा. उद्या कुणी मलाच मागून नेईल."

"तुला कोण नेतंय," मिस्बाह म्हणे. "जिभेला घाबरून पळतील."

दोघं हसत. मग तिला खोकला येई.

खोकला जुना होता, पण गेल्या तीन हिवाळ्यांत त्याचं रूप बदललं. डॉक्टरने छातीचा फोटो उजेडाला धरून मिस्बाहलाच विचारलं, "ह्या सिगारेट ओढतात का?" आयुष्यात कधी नाही, असं सांगितल्यावर तो म्हणाला, मग त्यांच्या वाटच्या तुम्ही भट्टीत जाळल्यात. वाईट मनाने म्हणाला नाही. धूर नको, डोंगरावरची थंडी नको आणि झटका आला तर घरात जाणतं माणूस हवं, एवढं त्याने सांगितलं. तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी होत्या: अकबात, समुद्राकाठी, दिमाकडे. दिमा तिथल्या इस्पितळात नर्स आहे. तिच्या घरामागे दोन खोल्या रिकाम्याच होत्या.

"तू जा हिवाळाभर," मिस्बाह म्हणाला.

"छत्तीस वर्षांत एक रात्र वेगळी काढलेली नाही," रस्मिया म्हणाली. "तुम्ही येणार असाल तर जाऊ. नाहीतर हा धूर मला ओळखतो, तो काही करणार नाही."

ह्यावर एक हिवाळा गेला. मग पुढच्या फेब्रुवारीत बर्फ पडलं. पलीकडच्या डोंगरातल्या एका गावात एक म्हातारी गेली होती आणि मिस्बाह रिवाजाप्रमाणे सकाळीच किटली घेऊन तिथे गेला होता. दुपारी रस्ता बंद झाला. तो परक्यांच्या मांडवात उभा राहून कॉफी ओतत होता, तेव्हा रस्मिया स्वयंपाकघरात जमिनीवर पडून श्वास शोधत होती. भट्टीवर बी करपली आणि वरून आवाज आला नाही, म्हणून कामगार वर धावले. त्यांनी तिला खुर्चीवर बसवून, खुर्ची खांद्यावर घेऊन, बर्फातून इस्पितळात पोचवलं. मिस्बाह दुसऱ्या दिवशी पोचला. तिच्या नाकाला नळी होती. ती म्हणाली, "म्हातारीकडे माणसं किती होती?"

त्या दिवशी त्याने ठरवलं. दुकान विकायचं, अकबाला जायचं. अम्मानचा एक व्यापारी बऱ्याच दिवसांपासून मागे लागला होता. त्याला दुखवट्याच्या कॉफीशी घेणं नव्हतं, काचेचं दुकान आणि कागदी पेले हवे होते. मिस्बाहने त्याला हो म्हटलं. रस्मियाने त्याच दिवशी भांडी बांधायला काढली आणि नको ती काढून शेजारणींना वाटायला लागली. तिला इतकं खूश त्याने दिमाच्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं. ती कुणाला तरी फोनवर सांगत होती, समुद्रात पाय घालून बसणार आहे म्हणून. तिने समुद्र दोनदाच पाहिला होता.

त्याने हे एकाच माणसाला सांगितलं. उस्ताद जिरयेसला. शाळेतून निवृत्त होऊन त्याला आता बारा वर्षं झाली होती, पण सकाळची कॉफी अजून मिस्बाहच्याच दुकानात होती, चाळीस वर्षांची सवय. जिरयेसने ऐकून घेतलं, फिंजान हलवून परत दिलं, म्हणजे पुरे, आता नको, आणि काही न बोलता निघून गेला. आठवडाभर गावातही कुणी काही बोललं नाही. जिथे कुणी नवीन चप्पल घेतली तरी चर्चा होते, तिथे आठवडाभर शांतता. मिस्बाहला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्याच आठवड्यात गावातल्या सगळ्यांत वजनदार माणसाच्या, शेख मुफ्लिहच्या, पुतण्याने उतारावर गाडी मागे घेताना मिस्बाहच्या डिलिव्हरीच्या गाडीचं दार चेपवलं. दोन दिवसांनी निरोप आला की शेख मुफ्लिह जाहा घेऊन येतोय, तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर. मिस्बाहला हसू आलं. एका दाराच्या पत्र्यासाठी जाहा.

"ऐकून घ्या हं आधी," रस्मिया म्हणाली. ती दिवाणखान्यातल्या उशा सारख्या करत होती. ह्या खोलीतली ही शेवटची मंडळी, ह्या विचाराने तिने नवे अभ्रे घातले होते.

"पुतण्याला माफ करा म्हणतील. त्यात ऐकायचं काय?"

चाळीस माणसं आली. खुर्च्या कमी पडल्या, खालून पोती आणून त्यावर बसली. शेख मुफ्लिह मधोमध, त्याच्या डावीकडे खालच्या गल्लीतले दोघे भाऊ, उजवीकडे पाद्री आणि इमाम शेजारी शेजारी. पार टोकाला, दाराजवळ, जिरयेस. मिस्बाहने स्वतः ओतली. शेखने फिंजान घेतलं आणि ओठाला न लावता समोरच्या तिवईवर ठेवलं.

"अबू दिमा, आम्ही एक मागायला आलोय. आधी ऐकून घ्या."

मिस्बाहने खोलीभर नजर फिरवली. ह्याच गावात त्याच्या आईला अकरा माणसं आली होती. आज एका पत्र्यासाठी चाळीस. त्याची छाती भरून आली, आणि ते त्याने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

"चाळीस माणसं माझ्या दारात आली," तो म्हणाला, "आता ऐकायचं काय राहिलं? ज्यासाठी आलात ते दिलं. प्या."

शेख मुफ्लिहने फिंजान उचललं आणि प्यायला. मग बाकीचे प्यायले. जिरयेस सगळ्यांत शेवटी, खाली बघत.

"अल्लाह तुम्हाला उदंड आयुष्य देवो," शेख म्हणाला. "तर मग दुकान विकायचं नाही आणि करक सोडायचं नाही."

मिस्बाह किटली हातात धरून उभाच राहिला.

"आमच्यातला एकेक जण तुमच्या हातची कॉफी पिऊन आपल्या बापाला मातीत ठेवून आलाय. तुम्ही गेलात तर आमच्या मयताला काय, कागदी पेले ठेवायचे? तुम्हाला घराणं नाही असं कोण म्हणतं? हे बघा. हे सगळं तुमचंच घराणं."

लोक उठून त्याच्या गळ्यात पडले. गालाला गाल लावले. दोघातिघांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्यात खोटं काही नव्हतं, हीच तर पंचाईत होती. शत्रूने कोंडलं तर माणूस दार फोडतो. ह्या लोकांना तो काय करणार होता? एकेक जण छातीशी धरत होता, आणि आतल्या खोलीच्या दारामागून खोकला ऐकू येत होता.

मंडळी गेल्यावर रस्मिया बाहेर आली. तिने तिवईवरची फिंजानं गोळा करायला सुरुवात केली.

"गाडीच्या दाराचं काय ठरलं?" तिने विचारलं.

"तो विषयच निघाला नाही."

ती हसली. तोही हसला. हसता हसता तिला ढास लागली ती थांबेना, मग त्याने तिला वाफेचं मशीन लावून दिलं. शेजारणींना दिलेली भांडी दुसऱ्या दिवशी एकेक करून परत आली. कुणी त्यात मध भरून आणला, कुणी खजूर.

तिसऱ्या दिवशी मिस्बाहने जिरयेसला भट्टीमागे गाठलं.

"तू तिथे बसून होतास. तुला सगळं ठाऊक होतं. रस्मियाचं ठाऊक होतं. एक शब्द बोलला नाहीस?"

"बोलतो कसा," जिरयेस म्हणाला. "मीच सुचवलं होतं. मला तुझी खोड माहितीये. मी त्यांना सांगितलं, फक्त फिंजान खाली ठेवा, पुढचं तो स्वतःच करेल."

मिस्बाह वळून जायला निघाला.

"माझी बायको गेली तेव्हा तू तीन दिवस माझ्या दारात उभा होतास, मिस्बाह. पोरं अमेरिकेत. सकाळी उठून मी येतो तो इथे. तू गेल्यावर मी कुठे यायचं ते सांग. सांग, मी आत्ता सगळं मोडून टाकतो."

मिस्बाहने सांगितलं नाही. त्याऐवजी विचारलं, "शब्द परत घेता येतो का?"

मास्तरने मास्तरासारखा विचार केला. "येतो. रीत आहे. तू जाहा घेऊन शेखच्या घरी जायचं, फिंजान खाली ठेवायचं आणि मोकळं करा म्हणून मागायचं. चाळीसांपुढे दिलेला शब्द आहे, तेव्हा निदान चाळीस तरी हवेत."

"मग चल."

"मी येतो. बाकीचे?"

दोघं कॉफीच्या पोत्यांवर बसले आणि नावं घ्यायला लागले. खालच्या गल्लीतले भाऊ. ते त्या दिवशी होते. इमाम, होता. पाद्री, होता. बस मालक, खाटीक, औषधवाला, शाळेचा हेडमास्तर. ज्याच्या ज्याच्या दारात मिस्बाह कधी उभा राहिला होता, ज्याला हाक मारली तर तो येईल अशी खात्री होती, तो प्रत्येक जण त्या दिवशी समोरून कॉफी पिऊन गेला होता. बाहेरचा असा एकही उरला नव्हता. मिस्बाहचं सगळं घराणं खरंच त्या खोलीत होतं आणि ते सगळं त्याच्या विरुद्ध बाजूला बसलं होतं.

"तसाच निघून गेलो तर?" मिस्बाहने विचारलं.

घराण्यातला माणूस शब्द फिरवतो तेव्हा घराणं चार शिव्या खातं आणि वर्षभरात विसरतं. मिस्बाहकडे जमीन नव्हती, आडनाव नव्हतं, चुलते नव्हते. होता तो शब्द. स्टँडवरच्या पोरापासून अबू दिमापर्यंतचा रस्ता त्याने तेवढ्यावर काढला होता. तो फिरवला की अकबाला जो पोचेल तो कोण असेल, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

गावाने मग काळजी घ्यायला सुरुवात केली. अम्मानच्या व्यापाऱ्याला कुणीतरी परस्पर कळवून टाकलं की दुकान विकायचं नाही. बायका रस्मियासाठी सेजच्या पानांचा काढा घेऊन येत आणि तासभर बसत, तिला बोलायला लावत, आणि बोललं की तिला धाप लागे. एका शुक्रवारी दहा-बारा जण शिडी घेऊन आले. भट्टीचं धुराडं स्वयंपाकघराच्या खिडकीशी येतं म्हणून त्यांनी स्वखर्चाने पत्र्याचा पाइप सहा फूट बाजूला वळवला. धूर आता थेट झोपायच्या खोलीत यायला लागला. पण पोरं घामाघूम होऊन इतकी खूश झाली होती की मिस्बाहने त्यांना कॉफी पाजली आणि झोपायच्या खोलीची खिडकी कायमची लावून घेतली.

शेवटी तोडगाही गावानेच काढला. शेख मुफ्लिह दुकानात येऊन, मिस्बाहच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दिमाच्या आईला अकबाला पाठवा. तिचीही तब्येत राखली जाईल आणि तुमचा शब्दही. महिन्याकाठी एक चक्कर मारा. कुणी मयत नसेल तेव्हा."

करकमध्ये कुणी मयत नसेल असा आठवडा मिस्बाहने चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

दिमा स्वतः गाडी चालवत आली, सकाळी सकाळी. तिने आईच्या पाठीला कान लावून ऐकलं, आणि उठून बापासमोर उभी राहिली.

"आई पुढच्या हिवाळ्याला इथे राहिली तर राहणार नाही, बाबा. हे मुलगी म्हणून नाही सांगत, नर्स म्हणून सांगतेय."

"म्हणून तर तिला पाठवतोय."

"पाठवताय. पार्सल आहे ती. चाळीस जणांना एका दमात हो म्हणालात, तिला एकदा तरी विचारलंत?"

"दिमा," रस्मिया आतून म्हणाली, "बॅग खाली ने. आणि गाडीत बस. मला जरा वेळ लागेल."

दिमा बॅग घेऊन गेली. मिस्बाहला काय करावं ते सुचेना, तेव्हा त्याने जे येत होतं तेच केलं. किटली ठेवली. वेलदोडे कुटले. फिंजान धुऊन पुसलं. रस्मिया प्रवासाचा कोट घालून दिवाणखान्यात खुर्चीवर बसली होती, जिथे त्या दिवशी शेख बसला होता. त्याने ओतलं आणि दोन्ही हातांनी तिला दिलं.

तिने घेतलं. ओठाजवळ नेलं नाही. समोरच्या तिवईवर ठेवलं.

मिस्बाहचे हात तसेच पुढे राहिले.

"मी एकटीच आलेय," रस्मिया म्हणाली. "चाळीस माणसं नाहीत माझ्याकडे. माझीही सगळी तिकडेच बसलेली." तिला थांबून श्वास घ्यावा लागला. "मिस्बाह, माझ्याबरोबर चल."

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती त्याला नावाने हाक मारायची. मग दिमा झाली आणि तो अबू दिमा झाला. पस्तीस वर्षांनी ते नाव तिच्या तोंडून आलं आणि त्याला वाटलं, आता म्हणावं. एकच तर शब्द होता. आयुष्यभर तो शब्द त्याने चोराला दिला होता, शेजाऱ्याला दिला होता, न ऐकताच दिला होता. आज मागणं पुरं ऐकून झालं होतं, मागणारीचा हक्क होता, आणि त्याला द्यायचा होता. जगात दुसरं काही द्यायचं नव्हतं. पण तोंड उघडलं की त्याच्यासमोर चाळीस फिंजानं येत होती, एकामागून एक उचललेली.

फिंजानातून वाफ येत होती. मग कमी झाली. मग यायची थांबली. खाली दिमाने गाडी सुरू केली आणि पुन्हा बंद केली. कॉफीवर पातळ तवंग धरला. रस्मिया घाई करत नव्हती, रागावलीही नव्हती, ती नुसती त्याच्याकडे बघत होती, पिंपातली बी तडतडायची वाट बघावी तशी. तो तिच्या पायांकडे बघत होता. तिने प्रवासाला नवे बूट घातले होते आणि एका बुटाची नाडी सुटली होती. वाकताना तिला धाप लागते म्हणून राहून गेली असणार.

तो खाली बसला आणि ती बांधली.

रस्मियाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग तिने तिवईवरचं फिंजान उचललं आणि थंडगार कॉफी एका घोटात पिऊन टाकली.

"नको," मिस्बाह म्हणाला. पण ती प्यायली होती.

तिने फिंजान दोनदा हलवलं, म्हणजे पुरे, आता नको, आणि त्याच्या हातात दिलं.

"आता खिडकी उघडत जा," ती म्हणाली. "माझ्यासाठी बंद ठेवत होतात. उगाच कोंडून राहू नका."

ती जिन्याला धरून हळूहळू खाली गेली. प्रत्येक वळणावर थांबल्याचं त्याला ऐकू आलं. गाडीचं दार लागलं. गाडी उतारावरून खाली गेली आणि वळणावर आवाज नाहीसा झाला. मिस्बाह तिथेच, गालिच्यावर, फिंजान हातात धरून बसून राहिला. भट्टीवर बी करपल्याचा वास आला. वरून ओरडणारं कुणी नव्हतं.

मग खालून कामगाराने जिन्याशी येऊन हाक मारली.

"अबू दिमा, कुणीतरी गेलंय, माणूस आलाय. किटली पाठवू का?"

"पाठव," तो म्हणाला. "मी येतोच."

उठून, फिंजान धुऊन, अर्धा जिना उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं, की कोण गेलं हे त्याने विचारलंच नाही.